बाकूची तीन बटणं

६ जून २०२१, अझरबैजानमधलं बाकू. फॉर्म्युला वन, म्हणजे एफ-वनची मोटार शर्यत संपायला थोड्याच फेऱ्या उरलेल्या असताना आघाडीवरच्या मॅक्स व्हर्स्टॅपेनचं मागचं टायर भर वेगात फुटलं. शर्यत थांबवणारा लाल बावटा लागला आणि शेवटच्या दोन फेऱ्यांसाठी सगळ्या गाड्या पुन्हा ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगांत, उभ्या राहिल्या. सर्जिओ पेरेझ पहिला, लुईस हॅमिल्टन दुसरा. दिवे विझताच हॅमिल्टन पेरेझच्या बरोबरीला आला. पहिल्या वळणाला त्यानं ब्रेक दाबला आणि पुढची चाकं लॉक होऊन, धूर काढत, गाडी सरळ एस्केप रोडमध्ये, म्हणजे वळण चुकलेल्या गाड्यांसाठीच्या मोकळ्या रस्त्यात गेली. दुसऱ्या जागेवरून सुटलेला माणूस पंधरावा आला. त्या वर्षीचं विजेतेपद त्याच्या हातून ८ गुणांनी गेलं. बाकूत दुसरा आला असता तर १८ गुण मिळाले असते. अख्ख्या मोसमाचा हिशोब एका शर्यतीवर लावता येत नाही हे मान्य, पण आकडे समोर आहेत.

इंजिन ठीक होतं, ब्रेकही ठणठणीत होते. नको त्या क्षणी एका बटणाला हात लागला होता.

हॅमिल्टनच्या मर्सिडीज संघात त्या बटणाला ‘ब्रेक मॅजिक’ म्हणत. शर्यत सुटण्याआधीच्या फॉर्मेशन लॅपमध्ये किंवा अपघातानंतर सगळ्यांना हळू नेणाऱ्या सेफ्टी कारच्या मागे गाड्या हळू चालतात, तेव्हा ब्रेक आणि टायर थंड पडतात, आणि कार्बनचे ब्रेक थंड असले की धड पकडत नाहीत. हे बटण दाबलं की ब्रेकचा जवळजवळ सगळा जोर पुढच्या चाकांवर जातो. पुढच्या डिस्क तापतात आणि ती उष्णता रिममधून टायरपर्यंत पोहोचते. हळू चालताना हे उत्तम. शर्यतीच्या वेगात तेच चालू राहिलं तर पुढची चाकं लॉक होणार हे ठरलेलं. हॅमिल्टननं सुटण्याआधी ते बंद केलं होतं. पण पेरेझ त्याच्या बाजूला सरकला, हॅमिल्टन गाडी वळवता वळवता गिअर टाकत होता, आणि बटण होतं स्टिअरिंगच्या मागच्या बाजूला, नेमकं बोटं जातात तिथे. मर्सिडीजनं नंतर त्या बटणाभोवती आडोसा बसवला.

याच ट्रॅकवर त्याआधी दोनदा असंच काहीसं घडलं होतं, आणि तिन्ही वेळच्या चुकीची जात वेगळी आहे. कॉम्प्युटर, फोन, गाडी, स्वयंपाकघरातली शेगडी, सगळीकडे याच तीन जाती भेटतात. म्हणून मला त्या नीट वेगळ्या करून बघाव्याशा वाटतात.

२०१८ मध्ये हास संघाचा रोमाँ ग्रोजाँ सहावा होता आणि सेफ्टी कारच्या मागे टायर गरम ठेवायला गाडी डावी-उजवी हलवत होता. अचानक मागची चाकं लॉक झाली, गाडी भिंतीवर गेली. रेडिओवर पहिल्या झटक्यात त्याला वाटलं की मागून कुणीतरी धडक दिली. नंतर त्यानं सांगितलं की एक सेटिंग बदलताना हात एका स्विचला लागला, तो बराच पुढे सरकला आणि ब्रेक दाबताच मागची चाकं थांबली. इथे बटणाच्या जागेबद्दल तक्रार नाही. दोन बटणं एकमेकांच्या फार जवळ होती, आणि त्यातल्या एकाचा परिणाम फार मोठा होता.

२०१६ ची गोष्ट आणखी वेगळी. हॅमिल्टनच्या गाडीचं हायब्रिड सेटिंग, म्हणजे इंजिनाला विजेची जोड देणारं सेटिंग, शर्यतीच्या आधीपासूनच चुकीचं लागलेलं होतं, सरळ रस्त्यावर विजेची ताकद पुरत नव्हती. ड्रायव्हरनं गाडी एकट्यानं, कुणाच्या मदतीशिवाय चालवावी या नियमाची त्या काळात कडक अंमलबजावणी चालू होती, त्यामुळे कुठला नॉब कितीवर न्यायचा हे इंजिनिअरला दिसत असूनही सांगता येत नव्हतं. गाड्या ३५० च्या पुढे जातात अशा ट्रॅकवर हॅमिल्टन खाली स्टिअरिंगकडे बघत एकेक सेटिंग तपासत होता. हे धोक्याचं आहे असं तो रेडिओवर सांगतही होता. त्याच शर्यतीत त्याचा जोडीदार निको रॉसबर्ग याच सेटिंगमध्ये अडकला, पण चटकन बाहेर पडला. कारण त्यानं स्वतःच थोड्या वेळापूर्वी एक स्विच बदलला होता, तो परत फिरवला की झालं. हॅमिल्टनला आपण कुठल्या अवस्थेत आहोत हेच कळायला मार्ग नव्हता. रेडिओवरची ही बंधनं त्याच वर्षी जुलैत, जर्मन ग्रां प्रीच्या आधी उठवली गेली.

हात जातो तिथे ठेवलेलं बटण, धोकादायक बटणाला खेटून ठेवलेलं बटण, आणि सध्याची अवस्था न सांगणारं बटण. या तिन्हींवरचे उपायही वेगवेगळे आहेत. सरसकट ‘इंटरफेस सोपा करा’ म्हटल्यानं यातलं एकही सुटत नाही.

एफ-वनच्या स्टिअरिंगकडे एकदा शांतपणे बघायला हवं, कारण ‘गर्दी म्हणजे वाईट डिझाइन’ हा समज तिथे मोडतो. वीस-पंचवीस बटणं आणि नॉब, मागे गिअरची दोन पॅडल, त्याखाली क्लचची, मध्ये छोटा स्क्रीन, वर दिव्यांची ओळ. तरी ड्रायव्हर बहुतेक कामं न बघता करतो. अग्निरोधक हातमोजे घातलेले, गाडी ट्रॅकच्या कडेच्या कर्बवरून उडतेय, अशा स्थितीत स्पर्शानं चालणारा स्क्रीन टिकणारच नाही. म्हणून बटणं जरा कडक असतात, दाबली की ठसठशीत टक् लागतं. न्यूट्रलसारख्या बटणाभोवती उंच कडा असते. डिफरेन्शियलचे (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या यंत्रणेचे), इंजिन मोडचे नॉब खटक्या-खटक्यांनी फिरतात, प्रत्येक खटक्यावर आकडा लिहिलेला असतो. नॉब सातवर असेल तर तो सातवर आहे हे बोटाला कळतं, डोळ्याला दिसतं आणि इंजिनिअरला रेडिओवर एका शब्दात सांगता येतं. एकेका ड्रायव्हरच्या हाताच्या मापानुसार बटणांच्या जागा ठरवल्या जातात आणि एकदा ठरल्या की त्या मोसमात सहसा कुणी हलवत नाही. गिअर बदलायचं पॅडल १९८९ मध्ये फेरारी ६४० वर आलं, नायजेल मॅन्सेलनं ब्राझीलमधली पहिलीच शर्यत त्यावर जिंकली. त्यामागचा मोठा फायदा हाच की हात स्टिअरिंगवरून उचलावा लागत नाही.

आता डेस्कटॉपकडे येऊ.

माउसनं एखाद्या बटणावर पोहोचायला किती वेळ लागेल याचं गणित पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मांडलं, तेव्हा माउस जन्मायचाही होता. लक्ष्य जितकं लांब तितका वेळ जास्त, लक्ष्य जितकं रुंद तितका कमी. यातून निघणारी सगळ्यात उपयोगी गोष्ट स्क्रीनच्या कडेबद्दल आहे. कर्सर कडेला जाऊन थांबतो, त्यामुळे कडेला चिकटलेलं बटण त्या दिशेनं जणू अनंत रुंद असतं. नेम धरावाच लागत नाही, माउस ढकलून द्यायचा. कोपऱ्यात तर दोन्ही दिशांनी भिंत. मॅकचा मेन्यू बार वरच्या कडेला १९८४ पासून आहे तो याच फायद्यासकट. विंडोज ९५ मध्ये स्टार्ट बटण कोपऱ्यात दिसायचं खरं, पण त्याच्या आणि कडेच्या मध्ये एक बारीक पट्टी मोकळी होती. माउस कोपऱ्यात फेकून क्लिक केलं तर काहीच होत नसे. पुढे ती पट्टी काढली गेली आणि कोपरा जिवंत झाला. एवढ्याशा पट्टीनं दिवसातून कितीतरी वेळा नेम धरायला लावलं होतं.

म्हणूनच २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ नं स्टार्ट बटण मधोमध नेलं हे मला आजही पटत नाही. कोपरा सोडला ते एक झालं. त्याहून वाईट म्हणजे बटणाची जागाच पक्की राहिली नाही. टास्कबारवर नवा प्रोग्राम उघडला की सगळी रांग मधोमध राहण्यासाठी सरकते, आणि स्टार्ट थोडं डावीकडे जातं. चार प्रोग्राम उघडे असताना एका जागी, नऊ असताना दुसऱ्या. हाताला लक्षात ठेवायला काही उरतच नाही, दरवेळी डोळ्यांनी शोधावं लागतं. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात टास्कबार, त्यात सगळ्यात खाली टास्कबार बिहेव्हिअर्स, आणि अलाइनमेंट ‘लेफ्ट’ करायचं. तिथेच टास्कबारची बटणं एकत्र न करण्याचा पर्यायही आहे. विंडोज ११ आलं तेव्हा तो नव्हता, २०२३ च्या शेवटी परत आला. तो ‘नेव्हर’वर ठेवला तर प्रत्येक खिडकीचं नाव दिसतं आणि एकाच प्रोग्रामच्या तीन खिडक्यांमधून हवी ती शोधायला दोनऐवजी एक क्लिक पुरतं.

दोन मॉनिटर वापरणाऱ्यांसाठी एक युक्ती आहे, फार कुणी करताना दिसत नाही. मोठी केलेली खिडकी बंद करायची फुली उजव्या वरच्या कोपऱ्यात असते, म्हणजे फिट्सच्या हिशोबानं सर्वात सोप्या जागी. पण उजवीकडे दुसरा मॉनिटर जोडला की ती भिंत नाहीशी होते. माउस फुलीवर न थांबता दुसऱ्या स्क्रीनवर निघून जातो. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये दोन आयतं दिसतात, त्यातलं दुसऱ्या मॉनिटरचं आयत माउसनं ओढून थोडं खाली घ्या, साधारण शंभर पिक्सेल. विंडोज ११ मध्ये तिथेच ‘ईज कर्सर मूव्हमेंट बिटवीन डिस्प्लेज’ चालू असेल तर तेही बंद करा. आता मुख्य स्क्रीनच्या उजव्या कडेचा वरचा शंभर पिक्सेलचा भाग पुन्हा भिंत झाला आणि कोपरा परत मिळाला. टेबलावर मॉनिटर समान उंचीवर असले तरी चालतं, कर्सर पलीकडे जाताना किंचित वर-खाली सरकल्यासारखा दिसतो, त्याची सवय लगेच होते.

स्क्रोलबारबद्दल थोडक्यात. २०११ मध्ये मॅकनं, फोनचं बघून, स्क्रोलबार लपवायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनी री ओढली. स्क्रोलबार फक्त ओढण्यासाठी नसतो, पान किती लांब आहे आणि आपण त्यात कुठे आहोत हे तो सांगतो. म्हणजे तो अवस्था दाखवणारा भाग आहे आणि लपवला की २०१६ ची चूक होते. मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, अपिअरन्स, ‘शो स्क्रोल बार्स’ ला ‘ऑलवेज’. विंडोज ११ वर सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स, तिथलं पहिलंच बटण.

अवस्थेचा हा प्रश्न मराठीत टाइप करणाऱ्यांइतका दुसऱ्या कुणाला छळत नसेल. पासवर्ड बरोबर टाकलाय, तीनदा टाकलाय, आणि कीबोर्ड मराठीवर आहे. पासवर्डच्या जागी ठिपके दिसतात, त्यामुळे क, म, ल पडतायत हे कळत नाही. कीबोर्डची भाषा ही मशीनची एक लपलेली अवस्था आहे, आणि ती सांगणारं चिन्ह कोपऱ्यात नखाएवढं. लॅरी टेस्लर या संशोधकानं झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत कट-कॉपी-पेस्ट घडवलं, आणि त्यांचा आयुष्यभर आग्रह होता की सॉफ्टवेअरमध्ये मोड, म्हणजे त्याच कीचा अर्थ बदलून टाकणाऱ्या अवस्था, नकोत. गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा त्यांनी ‘नो मोड्स’ लिहून घेतलं होतं. दोन लिप्या वापरणाऱ्याला मोडपासून पूर्ण सुटका नाही. पण तो कसा बदलायचा हे आपल्या हातात आहे.

विंडोजमध्ये विन-स्पेस किंवा डावीकडचे ऑल्ट-शिफ्ट दाबून भाषा बदलते. दोन्ही फिरते स्विच आहेत. जिन्याच्या टू-वे स्विचसारखं, वर आहे की खाली यावरून दिवा चालू आहे की बंद ते कळत नाही. आधी दिव्याकडे बघावं लागतं. त्याऐवजी प्रत्येक भाषेला स्वतःची की देता येते. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथे ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’. जी छोटी जुनी खिडकी उघडते तिच्यात दोन्ही भाषांच्या ओळी दिसतात. एकेक निवडून ‘चेंज की सीक्वेन्स’ दाबा, ‘एनेबल’वर टिचकी द्या, आणि डावा ऑल्ट-शिफ्ट-१ इंग्रजीला, २ मराठीला लावा. आता मराठी हवं की दोन, इंग्रजी हवं की एक. आधी काय होतं याच्याशी देणंघेणं नाही, दोनदा दाबलं तरी बिघडत नाही. पासवर्डच्या आधी डोळे झाकून एक दाबायची सवय लावली की काम झालं. याच खिडकीत ‘बिटवीन इनपुट लँग्वेजेस’ या ओळीवरची की ‘नॉट असाइन्ड’ करून टाका. नुसत्या ऑल्ट-शिफ्टनं भाषा बदलत राहिली तर ऑल्ट-शिफ्ट-टॅबनं मागच्या खिडकीत जाताना बोट जरा चुकलं की लिपी बदलते. हा ग्रोजाँचा स्विच, जसाच्या तसा.

लिनक्सवर ग्नोम हा डेस्कटॉप असेल तर ट्वीक्स या प्रोग्राममध्ये कीबोर्डच्या जादा पर्यायांत कॅप्स लॉकनं पहिली भाषा आणि शिफ्ट-कॅप्स लॉकनं दुसरी, अशी सोय आहे. तत्त्व तेच. मॅकवर कॅप्स लॉकनं भाषा बदलायची सोय मिळते, पण ती फिरती आहे.

कीबोर्ड कुठला निवडावा यावर माझं मत इनस्क्रिप्टच्या, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित मांडणीच्या, बाजूनं आहे. शिकायला सुरुवातीला जड जातो हे खरं. पण त्याची मांडणी हाताच्या दृष्टीनं विचार करून केलेली आहे. मात्रा आणि स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्याला, त्यामुळे व्यंजन-मात्रा-व्यंजन असं लिहिताना दोन्ही हात आलटून पालटून चालतात. के वर क, शिफ्टसह ख. आय वर ग, शिफ्टसह घ. एफ वर ऱ्हस्व इकार, शिफ्टसह इ. ळ म्हणजे शिफ्ट-एन, ण म्हणजे शिफ्ट-सी. ज्या ‘ऱ्या’पाशी फोनेटिकवाले, म्हणजे उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरांत टाइप करणारे, अडखळतात तो इथे ठरलेला आहे: शिफ्ट-जे नं ऱ, मग डी नं हलन्त, मग य ची की, मग इंग्रजी ई च्या कीवर काना. उच्चारावरून ओळखणाऱ्या साधनांत रोमन अक्षरं टाइप केल्यावर पर्यायांची यादी येते, आणि तीत हवा तो शब्द आज पहिला असतो, उद्या तिसरा. यादी वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इनस्क्रिप्टमध्ये तीच की नेहमी तेच अक्षर देते, आणि हिंदी, कोकणी, कन्नड, गुजराती कुठलाही इनस्क्रिप्ट घेतला तरी क ची जागा तीच राहते.

खेटून ठेवलेल्या बटणांची डेस्कटॉपवरची ठळक उदाहरणं दोन. मॅक आणि लिनक्सवर ब्राउझरचा टॅब बंद करायची की डब्ल्यू आणि अख्खा ब्राउझर बंद करायची की क्यू, शेजारी शेजारी. फायरफॉक्सच्या जनरल सेटिंग्जमध्ये क्यूनं बंद करण्याआधी विचारण्याचा पर्याय आहे, मॅकवरच्या क्रोममध्ये क्रोमच्या मेन्यूतच ‘वॉर्न बिफोर क्विटिंग’ आहे. दोन्ही चालू ठेवावेत. दुसरं, अनेक लॅपटॉपांत पॉवरचं बटण कीबोर्डच्या वरच्या ओळीत, डिलीटला लागून असतं, आकारही इतर कीसारखाच. न बघता डिलीट शोधणारं बोट तिथे जाणारच. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, आणि ‘डू नथिंग’. मशीन अडकलं तर तेच बटण काही सेकंद दाबून धरून बंद करता येतं, ती सोय शाबूत राहते. बटणाला सॉफ्टवेअरनं घातलेला हा आडोसा.

हात जातो तिथे ऐनवेळी काहीतरी येणं, ही मला तिन्हीतली सर्वात संतापजनक जात वाटते, कारण वापरणाऱ्याला त्यापासून वाचायचा बहुतेक वेळा काही उपाय नसतो. टाइप करत असताना मध्येच खिडकी उगवते आणि पुढचा एंटर तिच्या ‘ओके’वर पडतो. पान उघडताना वरती जाहिरात लोड होते, सगळं खाली सरकतं आणि टिचकी भलत्याच दुव्यावर बसते. विंडोज ११ चा राइट-क्लिक मेन्यू याच माळेतला. कट, कॉपी, पेस्टची चिन्हं मेन्यूच्या कधी वरच्या टोकाला असतात, कधी खालच्या, कर्सर स्क्रीनवर कुठे आहे त्यावर ते ठरतं. हेतू चिन्हं कर्सरजवळ राहावीत असा आहे, पण हाताला त्यात ठरलेली दिशा मिळत नाही. शिफ्ट धरून राइट-क्लिक केलं की जुना, सरळ यादीचा मेन्यू मिळतो. फायरफॉक्ससारखे काही प्रोग्राम फाइल उघडण्याच्या किंवा परवानगीच्या खिडकीतलं बटण पहिला क्षणभर बंद ठेवतात, चुकून पडलेला एंटर वाया जातो आणि काही बिघडत नाही. ही सवय सगळ्या प्रोग्रामांनी उचलायला हवी.

स्वयंपाकघरात इंडक्शनच्या शेगडीवर स्पर्शाची बटणं कशाला हवीत हे मला आजवर उमगलेलं नाही. ही बटणं बोटातून होणारा विद्युत क्षेत्रातला बदल ओळखतात, आणि पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवतो. दूध उतू गेलं की ते पॅनेलवर येतं आणि नेमकं आच कमी करायची असते तेव्हा शेगडी ऐकेनाशी होते. फिरवायचा नॉब असलेली मॉडेल मिळतात, तीच घ्यावीत.

गाडीत मात्र हा विषय सोयीपुरता राहत नाही. ‘वी बिलएगारे’ या स्वीडिश मासिकानं २०२२ मध्ये एक चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटरच्या वेगात एसी, रेडिओ, डॅशबोर्डचा प्रकाश अशी चार साधी कामं करायची, वेळ मोजायचा. २००५ सालच्या, सगळी बटणं असलेल्या व्हॉल्वो व्ही-७० मध्ये ती १० सेकंदांत झाली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर पुढे गेली. स्क्रीनवाल्या नव्या गाड्यांतल्या सर्वात वाईट गाडीत तेवढ्याच कामांना पाऊण मिनिट लागलं, म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त रस्ता. फोक्सवॅगननं आठव्या पिढीच्या गोल्फमध्ये तापमान आणि आवाजासाठी स्पर्शाच्या पट्ट्या दिल्या, त्या रात्री उजळतही नव्हत्या. २०२४ च्या सुधारित गोल्फमध्ये त्यांना उजेड मिळाला, स्टिअरिंगवर खरी बटणं परत आली, आणि पुढच्या गाड्यांत महत्त्वाच्या कामांना बटणं असतीलच असं कंपनीनं जाहीर केलं. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेच्या २०२६ पासूनच्या मूल्यांकनात इंडिकेटर, हॅझर्ड, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन कॉल यांना स्वतंत्र बटण किंवा दांडी असेल तर गुण आहेत.

एफ-वनमध्ये सगळं स्टिअरिंगवर असतं, मग रस्त्यावरच्या गाडीत का नको, हा प्रश्न नेहमी येतो. २०२३ च्या अखेरीस आलेल्या टेस्लाच्या सुधारित मॉडेल ३ नं इंडिकेटरची दांडी काढून बटणं स्टिअरिंगवर ठेवली, तेव्हा तो जोरात आला. एफ-वनचं स्टिअरिंग फार थोडं फिरतं, हात नऊ आणि तीनच्या जागेवरून हलत नाहीत, म्हणून बटण कायम अंगठ्याखाली राहतं. मोनॅकोच्या ट्रॅकवरच्या हेअरपिनला, म्हणजे अगदी तीव्र वळणाला, तेवढं जास्त फिरवावं लागतं, तर संघ तिथे मुद्दाम वेगळी स्टिअरिंग व्यवस्था बसवतात. रस्त्यावरच्या गाडीचं चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच-तीन वेढे घेतं. गोल चौकात अर्धं वळण घेतल्यावर बाहेर पडायचा इंडिकेटर द्यायचा, तर बटणं तोवर उलटी झालेली असतात, डावं वर की उजवं खाली याचा विचार करावा लागतो. दांडी स्टिअरिंगबरोबर फिरत नाही, एवढा साधा तिचा गुण आहे. शर्यतीतून आणण्यासारखी गोष्ट आहे ती खटक्याचा नॉब आणि कडा असलेलं बटण. सगळं चाकावर चढवण्याचा हट्ट रस्त्यावर कामाचा नाही.

आपल्याकडे याची खरी परीक्षा पावसाळ्यात घाटात होते. ताम्हिणीत किंवा आंबोलीत चढताना काच एकदम धुकटते आणि दोन-तीन सेकंदांत काही दिसेनासं होतं. आधी वायपर एकदा फिरवून बघावा. त्यानं काच स्वच्छ झाली तर दमटपणा बाहेरून बसलाय, एसीनं काच फार गार झालीय. तापमान वाढवायचं, हवा काचेवरून काढून पायाकडे किंवा समोर वळवायची, वायपर चालू ठेवायचा. वायपरनं काही फरक पडला नाही तर धुकं आतून आहे. एसी चालू, हवा काचेवर, पंखा जोरात, आणि आतलीच हवा फिरवणारं रिसर्क्युलेशन बंद. एसीमुळे हवा कोरडी होते म्हणून तो थंडीतही चालू ठेवायचा. वळलेल्या काचेचं आणि तीन बाणांचं चिन्ह असलेलं बटण बऱ्याच गाड्यांत ही सगळी कामं एकदम करतं. ते खरं बटण आहे की स्क्रीनमधल्या दुसऱ्या पानावरचं चित्र, यावर ताशी ४० नं चढणाऱ्या गाडीची पुढची काही मीटर अवलंबून असतात.

म्हणून गाडी घ्यायला जाल तेव्हा टेस्ट ड्राइव्हच्या आधी दहा मिनिटं उभ्या गाडीत बसा. एकदा बघून सगळं कुठे आहे ते समजून घ्या, मग नजर समोर ठेवून हॅझर्ड, काचेवरचा डीफॉग, पंख्याचा वेग दोन पायऱ्या वर, तापमान दोन अंश कमी, रिसर्क्युलेशन आणि आवाज, ही सहा कामं करा. ज्या कामाला खाली बघावं लागलं त्याची नोंद ठेवा. ताशी ८० ला दोन सेकंदांची नजर म्हणजे ४४ मीटर. हॉर्न चाकाच्या मधल्या पॅडवरच आहे ना हेही बघा. टेस्लानं २०२१ मध्ये मॉडेल एसचा हॉर्न एका स्पर्शाच्या छोट्या बटणावर नेला होता, तो नंतर परत मध्ये आणावा लागला.

गाडी आधीच घेतलेली असेल आणि सगळं स्क्रीनमध्ये असेल, तरी बरंच करता येतं. बहुतेक स्क्रीनवर तळाशी किंवा बाजूला आवडीची बटणं लावायची पट्टी असते, तीत डीफॉग आणि रिसर्क्युलेशन कोपऱ्याच्या बाजूला ठेवा, म्हणजे स्क्रीनची कडा बोटानं चाचपून तिथे पोहोचता येतं. स्टिअरिंगवर तारेच्या चिन्हाचं मोकळं बटण असेल तर जे काम तीन टिचक्यांत होतं ते त्याला द्या. एसीची व्हॉइस कमांड गाडी सुरू करून, पंखा पूर्ण आवाजात ठेवून तपासा. पंख्याच्या आवाजात तिला ऐकू येत नसेल तर घाटात तिच्यावर विसंबू नका आणि चढाला लागण्याआधी, गाडी बाजूला उभी असतानाच, हवा काचेवर वळवून ठेवा.